लाफिंग गॅसचा फुगा आणि मेलेलं विरजण

लंडनच्या एखाद्या बागेच्या कडेने रविवारी सकाळी चालत निघालात, तर पायाखाली बोटाएवढ्या चंदेरी नळकांड्या खुळखुळतात. जवळच रबरी फुगे पडलेले असतात, लाल, निळे, हवा गेलेले. रात्री कोणीतरी तिथे बसून नायट्रस ऑक्साइड, म्हणजे लाफिंग गॅस, ओढलेला असतो. ८ नोव्हेंबर २०२३ पासून ब्रिटनमध्ये मौजेसाठी हा वायू नुसता जवळ बाळगणंही गुन्हा आहे. नेदरलँड्सने त्याच वर्षी १ जानेवारीपासून बंदी घातली आणि फ्रान्सने २०२१ मध्येच अल्पवयीन मुलांना तो विकायला मनाई केली.

मुलगा किंवा मुलगी तिकडे शिकायला असलेल्या घरांत मग प्रश्न पडतो: दातांचे डॉक्टर लहान पोरांना शांत करायला जो वायू देतात, त्याच्यावर एवढा गहजब कशासाठी? प्रश्न रास्त आहे. उत्तराचा एक भाग सगळ्यांना सारखाच लागू आहे, पण दुसरा भाग वरण-भात-भाजी खाऊन वाढलेल्या शरीराला जरा जास्तच लागू आहे.

हा वायू नेमका आहे काय

नायट्रोजनचे दोन अणू आणि ऑक्सिजनचा एक. रंग नाही, वास किंचित गोडसर. जोसेफ प्रीस्टलीने १७७२ मध्ये तो वेगळा केला, हम्फ्री डेव्हीने १७९९ मध्ये ब्रिस्टलला स्वतःवर प्रयोग करून त्याची नशा अनुभवली आणि १८४४ मध्ये अमेरिकेतल्या हार्टफर्डचे दंतवैद्य होरेस वेल्स यांनी तो हुंगून स्वतःची दाढ काढून घेतली. ऑपरेशन थिएटरमधला निळा सिलिंडर असतो तो याचाच.

स्वयंपाकघरात त्याचं काम वेगळं. क्रीममधल्या स्निग्धांशात तो दाबाखाली चटकन विरघळतो आणि दाब सुटला की फुलतो, त्यामुळे क्रीम फसफसून वर येतं. कॅफेत कॉफीवर जो पांढरा डोंगर उभा असतो, तो बहुधा याच्याच जोरावर. शर्यतीच्या गाड्यांत इंजिनाच्या उष्णतेने त्याचं विघटन होऊन जादा ऑक्सिजन मिळतो आणि इंजिन जास्त इंधन जाळतं.

इथेच एक गैरसमज जन्माला येतो: ‘त्यात ऑक्सिजन आहे, मग गुदमरायला कसं होईल?’ शरीराच्या तापमानाला हा रेणू तुटत नाही. पाण्यातही ऑक्सिजन असतोच, म्हणून काही बुडणाऱ्याला त्यात श्वास घेता येत नाही.

नशा कशी चढते? मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात, त्यातले काही दरवाजे हा वायू बंद करतो. आवाज लांबून आल्यासारखे वाटतात, वेदना बोथट होते, हसू येतं. रक्तात तो फार कमी विरघळतो, म्हणून पंधरा-तीस सेकंदांत परिणाम सुरू होतो आणि दोन-चार मिनिटांत ओसरतो. फसगत इथेच होते. नशा उतरली म्हणजे सगळं संपलं असं वाटतं, आणि हात पुढच्या फुग्याकडे जातो.

आठ ग्रॅमचा हिशेब

क्रीमसाठीच्या छोट्या नळकांडीत ८ ग्रॅम वायू असतो. बाहेर आल्यावर तो साधारण सव्वाचार लिटर होतो, म्हणजे एक मोठा फुगा. पूर्वी पार्टीत पाच-दहा नळकांड्या फोडल्या जायच्या. एकेक फोडायची, फुग्यात भरायची, यात वेळ जायचा आणि आपोआप थोडा लगाम बसायचा.

गेल्या काही वर्षांत बाजारात ६४० ग्रॅमच्या आसपासचे मोठे सिलिंडर आले, थर्मासपेक्षा जरा मोठे, वर तोटी. एका सिलिंडरात ऐंशी नळकांड्यांचा ऐवज. यांना स्ट्रॉबेरी, आंबा असे स्वाद देतात. आठ ग्रॅमची नळकांडी क्रीमसाठी होती हे पटतं, पण आंब्याच्या स्वादाचा साडेतीनशे लिटर वायू कोणत्या कॅफेला लागतो, हे विकणाऱ्यांनाच ठाऊक. एकाच संध्याकाळी अख्खा सिलिंडर संपवणारी पोरं न्यूरॉलॉजीच्या वॉर्डात दिसायला लागली, ती यानंतर.

त्या दोन मिनिटांत काय बिघडतं

पहिली गोष्ट ऑक्सिजनची. हवेत तो २१ टक्के असतो. दवाखान्यात नायट्रस देताना सोबत किमान ३० टक्के ऑक्सिजन द्यावाच लागतो. बाळंतपणाच्या कळांसाठी देतात ते मिश्रण तर निम्मं-निम्मं असतं. फुग्यात मात्र शंभर टक्के नायट्रस. फुग्याचा निदान एक गुण असा, की शुद्ध हरपली तर तो हातातून निसटतो. तोंडाला बांधलेला मास्क, डोक्यावरची प्लास्टिकची पिशवी किंवा काचा बंद करून गाडीत सोडलेला सिलिंडर निसटत नाही. माणूस दगावतो तो बहुधा अशाच वेळी.

शिवाय जीव घुसमटल्याची जाणीवही होत नाही. घुसमट जाणवते ती मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. ऑक्सिजन कमी झाल्याची घंटा शरीर फार क्षीण वाजवतं. नायट्रस ओढणारा कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडतच असतो. त्यामुळे छातीत काही न होता डोळ्यांपुढे अंधारी येते.

दुसरी गोष्ट थंडीची. सिलिंडरमध्ये हा वायू सुमारे पन्नास पट वातावरणीय दाबाखाली द्रवरूपात असतो आणि त्याचा उत्कलनबिंदू उणे ८८ अंश सेल्सिअस आहे. तोटीला थेट तोंड लावलं तर ओठ, जीभ, घसा गोठून भाजतो. घसा सुजला तर श्वासाची वाट बंद होऊ शकते. मोठा सिलिंडर मांड्यांत धरून फुगे भरले, तर धातू गार पडत जातो आणि मांडीच्या आतल्या बाजूची कातडी गोठते. वायूच वेदनाशामक असल्याने तेव्हा कळत नाही. दुसऱ्या दिवशी फोड येतात. काहींना त्वचारोपण करावं लागलेलं आहे. दाबाचा झटका फुप्फुसाला बसला तर ते फाटूही शकतं, हवा मानेच्या कातडीखाली शिरते आणि बोट दाबलं की चुरमुऱ्यासारखं कुरकुरतं.

पडणं, डोकं आपटणं, गाडी चालवताना ओढणं हे वेगळं सांगायला नको. नेदरलँड्सच्या बंदीमागे रस्त्यावरचे अपघात हे एक मोठं कारण होतं.

आता विरजणाची गोष्ट

आतापर्यंतचे धोके डोळ्यांना दिसणारे होते. कायमचं पंगुत्व आणणारा धोका मात्र दिसत नाही, आणि तो जातो जीवनसत्त्व बी-१२ च्या वाटेने.

दही लावताना भांडंभर दुधाला चमचाभर विरजण पुरतं. बी-१२ चं तसंच आहे. रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमची, पण तेवढ्यावर मोठी कामं अडलेली असतात. त्यातलं एक काम असं: होमोसिस्टीन नावाचा पदार्थ शरीरात सतत तयार होतो, त्याचं मिथिओनिनमध्ये रूपांतर करायचं. मिथिओनिनवर पुढे मायलिन अवलंबून असतं. विजेच्या तारेवर जसं रबरी वेष्टन, तसं मज्जातंतूवर मायलिन. वेष्टन गेलं की संदेश गळतो, अडखळतो, शेवटी थांबतो.

बी-१२ च्या रेणूच्या मधोमध कोबाल्ट या धातूचा अणू बसलेला असतो आणि सगळी किमया त्याचीच. नायट्रस ऑक्साइड या कोबाल्टला अक्षरशः गंजवतो. लोखंडाचं गंजात होतं तेच रसायन, ऑक्सिडेशन. गंजलेला बी-१२ जागेवर असतो, पण काम करत नाही. दुधात विरजण आहे, पण मेलेलं. दही लागत नाही, दूध तसंच पडून राहतं. इथे ते दूध म्हणजे होमोसिस्टीन. हा बिघाड उलटा फिरत नाही. शरीराला त्या जागी नवं विकर, म्हणजे बी-१२ च्या मदतीने हे काम करणारं एन्झाइम, तयार करावं लागतं आणि त्याला काही दिवस लागतात. वायू पाच मिनिटांत शरीराबाहेर, त्याची करणी मात्र आठवडाभर आत. दर शनिवार-रविवारी फुगे ओढणाऱ्याचं विरजण धड जिवंत होईपर्यंत पुढचा शनिवार उजाडतो.

साचलेल्या होमोसिस्टीनचा आणखी एक उपद्रव असा, की रक्तात गुठळ्या व्हायची प्रवृत्ती वाढते. पोटरीत, फुप्फुसात, क्वचित मेंदूच्या शिरांत.

शंभर वर्षं कोणाच्या लक्षात कसं आलं नाही?

कारण दवाखान्यात हा वायू तासा-दोन तासांपुरताच दिला जायचा. १९५६ मध्ये कोपनहेगनच्या डॉक्टरांनी धनुर्वाताच्या रुग्णांना झटके येऊ नयेत म्हणून तो सलग काही दिवस दिला, आणि त्यांच्या अस्थिमज्जेत रक्तपेशी बनणं मंदावलं. रक्तपेशी बनवायलाही बी-१२ चं हेच काम चालू असावं लागतं. कोबाल्टचं रसायन १९६८ मध्ये उलगडलं. मग १९७८ मध्ये अमेरिकेतून हातापायांना मुंग्या, चालताना झोक जाणं अशा तक्रारींच्या रुग्णांची नोंद छापून आली. त्यातले बहुतेक जण स्वतः दंतवैद्य होते. दवाखान्यातला सिलिंडर हाताशी, काहींना तो ओढायची सवय. तेव्हा धोका ठरतो तो किती वेळा आणि किती काळ, यावर.

वरण-भाताचा संबंध

बी-१२ वनस्पतीत नसतं. ते जिवाणू तयार करतात आणि आपल्यापर्यंत मांस, मासे, अंडी, दूध यांतून येतं. शेवग्यात किंवा मोड आलेल्या मटकीत बी-१२ असल्याचे निरोप व्हॉट्सअॅपवर फिरतात, त्यांत तथ्य नाही. पाव लिटर दुधात ते साधारण एक मायक्रोग्रॅम. चहातल्या दोन चमचे दुधाने काही होत नाही.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६ मध्ये पुणे परिसरातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी प्रसिद्ध केली. ६७ टक्के लोकांत बी-१२ कमी निघालं. शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्के. ही माणसं आजारी नव्हती, कामावर जात होती. म्हणजे आपल्यातल्या अनेकांचं विरजण मुळात अर्धा चमचाच असतं, त्यावर कसंबसं भागत असतं. मांसाहारी माणसाच्या यकृतात वर्षानुवर्षं पुरेल एवढा साठा असतो. त्याच्याच शेजारी बसून तेवढेच फुगे ओढणाऱ्या शाकाहारी मित्राची शिल्लक आधी संपते. लंडन, बर्मिंगहॅम, मँचेस्टरच्या डॉक्टरांनी नोंदवलेल्या रुग्णांत विशीतली मुलं जास्त आहेत आणि आशियाई वंशाच्या मुलांचा वाटा मोठा आहे. आहार हे त्याचं एकच कारण असेल असं म्हणता येणार नाही. तरी पुण्याचे आकडे डोळ्यांपुढे ठेवले की नवल वाटत नाही. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांतही बी-१२ कमी असू शकतं.

सुरुवात तळपायापासून

सर्वांत लांब तारा पायांच्या, म्हणून बिघाड बहुधा तिथून. आधी दोन्ही तळव्यांना मुंग्या, दोन्हीकडे सारख्या. मग घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत. बोटांची टोकं बधिर. कापसावर चालल्यासारखं वाटतं. एक खूण आपल्याकडच्या डॉक्टरांना चांगली माहीत आहे: चप्पल पायातून निसटते आणि माणूस तसाच चार पावलं पुढे जातो, कळतच नाही. दुसरी खूण बेसिनपाशी. तोंडावर पाणी मारायला डोळे मिटले की तोल जातो. पाय कुठे आहे ही खबर मज्जारज्जूच्या मागच्या भागातून मेंदूकडे जाते आणि आधी खराब होतो तो हाच भाग. डोळे उघडे असेपर्यंत माणूस बघून निभावून नेतो, डोळे मिटले की उघडा पडतो. काहींना मान पुढे वाकवली की पाठीतून विजेची चमक गेल्यासारखी वाटते.

पुढे जिना चढताना पाय जड, लघवीवर ताबा कमी, पुरुषांत लैंगिक अडचण. काहींचं डोकं फिरतं: संशय, भास, रात्रभर जागरण. घरच्यांना वाटतं अभ्यासाचा ताण.

‘पण मग दवाखान्यात का देतात?’

प्रमाणात, ऑक्सिजनसोबत, थोडा वेळ, बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा लावून देतात आणि संपल्यावर काही मिनिटं निव्वळ ऑक्सिजन देतात, म्हणून. निरोगी माणसाचं एका भुलीने काही बिघडत नाही. मात्र बी-१२ आधीच तळाला गेलेलं असेल, तर एका शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी पाय बधिर झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. कडक शाकाहारी असाल, तर शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञांच्या कानावर तेवढं घाला.

‘एखादा फुगा घेतला तर?’

खरं तेच सांगायला हवं: एका फुग्याने बहुतेकांच्या मज्जारज्जूला काही होत नाही. पडणं, शुद्ध हरपणं, भाजणं हे धोके मात्र पहिल्याच फुग्याला असतात. अमुक फुग्यांपर्यंत सुरक्षित अशी रेघ कोणी आखलेली नाही, कारण ती प्रत्येकाच्या साठ्यावर ठरते आणि आपला साठा किती हे फारच थोड्यांना ठाऊक असतं.

‘बी-१२ च्या गोळ्या खात राहिलं तर?’

ही युक्ती मुलांमध्ये फार चालते. नवं विरजण घालायचं आणि लगेच तेही मारायचं, असा हा प्रकार. वायू चालू असताना गोळीने संरक्षण मिळतं असं धरून चालता येत नाही. उलट गोळीमुळे रक्तातला आकडा छान दिसतो आणि निदान लांबतं. नुसतं फॉलिक ॲसिड घेणं त्याहून वाईट. रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि मज्जातंतूंचा बिघाड आत चालूच राहतो.

‘रिपोर्ट तर नॉर्मल आहे!’

नेहमीची बी-१२ ची चाचणी विरजण किती चमचे आहे ते मोजते, जिवंत आहे का ते पाहत नाही. म्हणून आकडा नॉर्मल आला तरी बिघाड असू शकतो. दही लागलं का हे पाहायचं तर होमोसिस्टीन मोजावं लागतं. या आजारात ते बहुधा चढलेलं असतं. मिथाइलमॅलोनिक ॲसिड ही दुसरी चाचणी, पण ते वाढलेलं असेलच असं नाही. होमोसिस्टीनचं रक्त काढल्यावर नळी बर्फात ठेवून रक्तातल्या पेशी लवकर वेगळ्या कराव्या लागतात, नाहीतर पेशींमधून ते झिरपत राहतं आणि आकडा खोटाच फुगतो. घरी येऊन रक्त नेणाऱ्या लॅबवाल्याला हे आधी विचारा. लघवीच्या नेहमीच्या अमली पदार्थ चाचणीत नायट्रस सापडत नाही, त्यामुळे तिचा उपयोग नाही.

‘याचं व्यसन लागत नाही म्हणतात’

दारू सोडताना होते तशी थरथर इथे सहसा होत नाही, एवढंच खरं. रोज सिलिंडर संपवणारी, पाय ओढत चालूनही न थांबणारी मुलं आहेत, मग त्याला नाव काहीही द्या.

करायचं काय

कोणी शुद्ध हरपून पडलं तर आधी मास्क, पिशवी, फुगा दूर करा आणि उघड्यावर आणा. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा. नसेल तर छाती दाबायला सुरुवात करा आणि ब्रिटनमध्ये ९९९, ऑस्ट्रेलियात ०००, भारतात आणि युरोपीय देशांत ११२ लावा. ओठ किंवा कातडी गोठली असेल तर कोमट पाणी. गरम पाणी नको, चोळणं नको. आवाज घोगरा झाला, गिळता येईना, तर थेट इस्पितळ. एकाच पोटरीला सूज, अचानक धाप, छातीत कळ यांनाही तेच.

मुंग्या किंवा झोक जाणं सुरू झालं असेल, तर पहिला उपचार वायू पूर्ण बंद. रक्ताचे नमुने घेतले की रिपोर्टची वाट न पाहता बी-१२ ची इंजेक्शनं सुरू करतात. ब्रिटनमध्ये हायड्रॉक्सोकोबालामिन १ मिलिग्रॅम, स्नायूत, दिवसाआड अशी पद्धत आहे. भारतात मिथाइलकोबालामिनची इंजेक्शनं जास्त वापरली जातात. कोणतं आणि किती दिवस, हे न्यूरॉलॉजिस्टवर सोडा. मानेच्या एमआरआयमध्ये मज्जारज्जूच्या मागच्या भागात उलट्या ‘व्ही’सारखा पांढरा डाग दिसू शकतो, दिसला नाही म्हणून आजार नाही असं होत नाही. लवकर पकडलं तर बहुतेक जण आठवड्या-महिन्यांत बरेच सुधारतात. उशीर झालेल्यांपैकी काहींच्या पायांचा बधिरपणा राहून जातो.

निदान अडतं ते बहुधा एका वाक्यापाशी: ‘मी नायट्रस ओढतो.’ मुलं ते आई-बाबांसमोर बोलत नाहीत, आणि विशीतल्या मुलाच्या मुंग्या पाहून डॉक्टर मणक्याची नस, थायरॉइड, ताण यांच्या मागे लागतो. तपासणीच्या वेळी पाच मिनिटं बाहेर थांबा. ब्रिटनमध्ये नायट्रस ओढलं म्हणून डॉक्टर सहसा पोलिसांना कळवत नाहीत, हेही मुलाला आधी सांगा. आत जाताना त्याच्याजवळ एक चिठ्ठी असू द्या: आठवड्याला किती सिलिंडर आणि किती ग्रॅमचे, किती महिन्यांपासून, शेवटचं कधी, आणि बी-१२ च्या गोळ्या चालू असल्या तर कोणत्या.